खरं येतो की नुसतं येतो?

घरात तीन-चार वर्षांचे मूल असले म्हणजे त्या घरात गुपित म्हणून काही उरत नाही. आमच्या इमारतीत काल कोणाकडे भांडण झाले, डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या कोणत्या आजोबांनी बेसनाचा लाडू कुठे दडवून ठेवला आहे, आणि पाहुण्यांची पावले जिन्यावर वाजण्यापूर्वी त्यांच्याविषयी कोण काय बोलले, ही सारी माहिती संध्याकाळी खाली झोपाळ्यापाशी अर्धा तास बसले की विनामूल्य मिळते. ती पुरवणाऱ्यांचे वय सहसा पाचाच्या पुढे नसते. आणि वर्तमानपत्रातल्या बातमीप्रमाणे तिचा खुलासा दुसऱ्या दिवशी येत नाही. कारण ती बहुधा खरीच असते!

‘बाबांनी सांगितलंय, बाबा घरी नाहीत’ हा किस्सा तर इतक्या घरांत घडला आहे, की तो आता कोणा एकाच्या मालकीचा राहिलेला नाही. माझ्या लहानपणी तो उधारी मागायला आलेल्या वाण्याच्या माणसाच्या बाबतीत सांगत. हल्ली तो मोबाईलच्या बाबतीत सांगतात. साधने बदलली, बाबा बदलले नाहीत. आपण या किश्श्याला हसतो. पण त्यात मुलाचे काय चुकले? त्याने निरोप जसाच्या तसा पोचवला. निरोप देणाऱ्याचे नाव गाळायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आमच्या घरी एक नात आहे. घरात सगळे तिला छकुली म्हणतात; शाळेच्या दाखल्यावरचे नाव तिचे तिच्यापाशी असू दे. ती आता सात वर्षांची आहे आणि दुसरीत जाते. अडीच ते पाच या वयात ती जे जे बोलली, त्यातले बरेचसे मी एका डायरीत टिपून ठेवले. निवृत्त माणसाला डायऱ्या पुष्कळ मिळतात आणि त्यांत लिहिण्यासारखे फार थोडे उरते, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. ती डायरी वारंवार चाळताना माझे एक मत बनत गेले. मुलांच्या बोलण्याला आपण हसतो, ते मूल अजाण आहे असे समजून. मला उलट वाटते. मूल आपला शब्द खरा धरून चालते, म्हणून ते असे बोलते.

डायरीतले पहिले वाक्य दोनच शब्दांचे आहे : ‘मी करलं.’ ठोकळ्यांचा मनोरा रचून तिने ही घोषणा केली, तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती. त्याच आठवड्यात ‘बाबा ऑफिसला जाला’ हेही आले. घरात हशा पिकला. पण हे ‘करलं’ तिने आणले कुठून? आमच्या घरात असे कोणी बोलत नाही, तेव्हा अनुकरण म्हणावे तर मूळच सापडत नाही. तो शब्द तिने स्वतः घडवला. ‘बस’चे ‘बसलं’, ‘पड’चे ‘पडलं’, ‘हस’चे ‘हसलं’. मग ‘कर’चे ‘करलं’च व्हायला हवे! तिने हिशेब चोख केला होता. आडमुठेपणा असेल तर तो आपल्या भाषेचा. ‘कर’चे ‘केलं’ आणि ‘जा’चे ‘गेला’ कोणत्या न्यायाने होते, हे तिला विचारायचा अधिकार होता.

जगभरची मुले हाच हिशेब करतात. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को नावाच्या संशोधक बाईंनी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचे चित्र दाखवले. त्याचे नाव त्यांनीच बनवले होते, ‘वग’. एक वग दाखवला, मग दोन दाखवले आणि विचारले, आता हे दोन काय? चार ते सात वर्षांच्या बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे अचूक अनेकवचन सांगितले. जगात नसलेल्या पक्ष्याचे अनेकवचन त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकले असणार?

मराठी मुलांना तर याहून अवघड पेपर असतो. आमच्या शेजारचा तीन वर्षांचा मुलगा ‘मी येते’, ‘मी खाते’ असे म्हणायचा. आल्यागेल्याने त्याला ‘तू मुलगी आहेस का रे?’ म्हणून चिडवावे आणि त्याने रडकुंडीला यावे! बिचारा दिवसभर आई आणि आजीच्या सहवासात. ‘मी’ हा शब्द ज्यांच्या तोंडून त्याच्या कानी पडे, त्या सगळ्या ‘येते’ आणि ‘खाते’च म्हणत. ‘मी’च्या मागे कोण उभे आहे ते पाहून क्रियापदाचे कपडे बदलायचे असतात, हे कळायला थोडा अवधी नको का? इंग्रजाच्या मुलाला ही कटकटच नाही.

तसेच काळाचे. ‘आपण उद्या बागेत गेलो होतो ना?’ असे छकुली विचारी तेव्हा आम्ही हसत असू. पण आपण मोठी माणसे सरून गेलेल्या दिवसालाही ‘परवा’ म्हणतो आणि दोन दिवसांनी येणाऱ्या दिवसालाही ‘परवा’च म्हणतो, आणि आपल्याला कोणी हसत नाही! माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. आमची सकाळ ती तिची आदल्या दिवसाची संध्याकाळ. व्हिडिओवर बोलताना हे छकुलीला समजावून सांगितले. तिने ते मनाशी घोळवले आणि विचारले, “म्हणजे आत्याकडे अजून कालचाच दिवस आहे? शिळा?” मग फोनला नाक लावून आत्याला दिलासा दिला, “आत्या, आजचा दिवस छान आहे. आम्ही वापरला की तुला देऊ हं.”

एकदा पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही डेक्कन क्वीनने मुंबईहून पुण्याला येत होतो. खिडकीत चंद्र होता. कर्जत गेले तरी तो खिडकीतच. घाटातल्या बोगद्यांत तो नाहीसा होई आणि बोगदा संपला की पुन्हा हजर. छकुलीने बराच वेळ त्याच्यावर पाळत ठेवली. तिकीट तपासनीस येऊन गेले तेव्हा ती माझ्या कानात हळूच म्हणाली, “त्यांनी चंद्राचं तिकीट नाही बघितलं.” तिच्या दृष्टीने चंद्र आमच्याच डब्याबरोबर प्रवास करीत होता. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या जगाविषयीच्या कल्पनांवर १९२६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चंद्र आपल्याबरोबर चालतो असे सांगणारी मुले त्यांनाही भेटली होती. खरे तर आपल्या डोळ्यांनाही तसेच दिसते. रुळांजवळची झाडे झपाट्याने मागे पडतात. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर, त्यामुळे मुंबई-पुणे एवढ्या प्रवासाने तो जागचा हलल्यासारखा दिसत नाही. आपण शाळेत शिकलो म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही, एवढाच फरक.

मुलांचे बोल टिपून ठेवणारा मी काही पहिला नाही. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणीची टिपणे ठेवली होती. मुलाचा जन्म १८३९ सालचा, आणि ती टिपणे त्याने छापली १८७७ साली. बरोबर एक वर्षाचा असताना त्या बाळाने खाऊसाठी स्वतःचा एक शब्द तयार केला, असे डार्विन लिहितो. तो शब्द होता ‘मम’! कोणत्याही मराठी आईला हे वाचून हसू येईल. कारण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळे ‘मंमं’च करीत आली आहेत. रशियन कवी कर्नेई चुकोव्स्की याने तर या छंदाला आयुष्य वाहिले. त्याचे पुस्तक १९२८ साली निघाले आणि पुढे ‘दोन ते पाच’ या नावाने गाजले. घरोघरच्या आया त्याला आपल्या मुलांचे बोल पत्रांनी कळवीत आणि तो नव्या आवृत्तीत त्यांची भर घाली. या वयातले प्रत्येक मूल भाषेच्या बाबतीत प्रतिभावंत असते, असे त्याचे म्हणणे.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हेच वेगळ्या रीतीने सांगितले. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर काम करून त्या महाराष्ट्रात आल्या, १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुलाला मारू नये, भिववू नये, त्याला माणूस म्हणून वागवावे, हा त्यांचा आग्रह. माणूस म्हणून वागवणे म्हणजे पहिल्याने काय, तर त्याचे बोलणे ऐकून घेणे. हसायला कोणाचीच ना नाही. पण मूल प्रश्न विचारते आणि आपण हसून तो प्रश्न चार पाहुण्यांत फिरवतो, तेव्हा मुलाच्या हाती काय लागते? त्याला उत्तर हवे असते, टाळ्या नको असतात.

आता आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या, मराठीकडे पाहा. ती मोठी झाकपाक करणारी भाषा आहे. अभद्र शब्द तोंडावाटे काढायचा नाही, म्हणून आपण नारळ फोडीत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्रसुद्धा तुटत नाही, वाढते. छकुलीच्या आजीने एकदा देवापुढे नारळ वाढवला, तेव्हा त्या दोन कवड्या हातांत घेऊन छकुली म्हणाली, “आजी, वाढला कुठे? हा तर अर्धा झाला!”

सर्वांत तिचा गोंधळ झाला तो ‘येतो’ने. ती नुकती चार वर्षांची झाली होती. माझा धाकटा भाऊ घरी आला होता. निघताना दारात तो रीतीप्रमाणे म्हणाला, “बरं, येतो.” ही त्याचा हात धरून म्हणाली, “तू आलेलाच आहेस की!” तो हसत हसत जिना उतरून गेला. तेव्हा ही आत येऊन तक्रार करू लागली, “येतो म्हणाला आणि गेला. खोटं बोलला.” आजीने तिला मांडीवर घेतले. म्हणाली, “अगं, ‘जाते’ असं कधी म्हणू नये. निघताना ‘येते’ म्हणायचं. म्हणजे माणूस परत येतं.” हे छकुलीला पटले. तिने तो नियम पाठ करून टाकला. त्यानंतर ती न्हाणीघरात जातानासुद्धा ‘येते हं’ म्हणू लागली.

त्याच वर्षी भाद्रपदात आजीला दवाखान्यात न्यावे लागले. खाली गाडी उभी होती. दोघांच्या आधाराने जिन्यापर्यंत गेल्यावर ती थांबली, मागे वळली आणि म्हणाली, “येते हं, छकुले.”

नवव्या दिवशी ती गेली.

घर माणसांनी भरले. सांत्वनाला येणारे छकुलीला जवळ घेऊन काही ना काही सांगत. आजी देवाघरी गेली. आजी आकाशातला तारा झाली. आजी झोपली आहे. सगळ्यांनी मायेनेच सांगितले, आणि छकुलीने प्रत्येकाचा शब्द खरा धरला. म्हणूनच तिने प्रत्येकाला पुढचा प्रश्न विचारला. देवाघरी गेली, तर चष्मा इथे कसा? चष्म्याशिवाय तिला पोथी दिसत नाही. तारा झाली, तर यातला कुठला? झोपली असेल, तर उठवा ना! माणसे डोळ्यांना पदर लावीत आणि दुसरे काही बोलू लागत. त्यांचाही नाइलाज होता. आणि यातल्या कशाचाच मेळ तिच्या मूळ हिशेबाशी बसत नव्हता. फिरून फिरून ती एकच म्हणे, “पण आजी ‘येते’ म्हणाली होती.”

तेरावा झाला, पाहुणे पांगले. छकुली रोज संध्याकाळी दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसू लागली. बोलावले तर आत येई, थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. एके संध्याकाळी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटले, “छकुले, आजी वारली. वारली म्हणजे तिचा श्वास थांबला, तिचं शरीर थांबलं. ती आता परत येणार नाही.”

“बोलावलं तरी?”

“बोलावलं तरी.”

“तिला राग आलाय?”

“नाही गं. तिला यायचं होतं.”

ती बराच वेळ गप्प राहिली. खालच्या मजल्यावर कोणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, “मग तिनं ‘जाते’ म्हणायला हवं होतं.”

मला काही सुचेना. थोड्या वेळाने तिनेच विचारले, “आजोबा, तिला माहीत नव्हतं ना?”

“नाही, बाळा. तिला माहीत नव्हतं.”

“मग ती खोटं नाही बोलली.”

एवढे बोलून ती उठली आणि आत गेली. पुन्हा त्या पायरीवर ती बसली नाही. मी मात्र बराच वेळ बसून राहिलो. इतके दिवस आम्ही सारे समजत होतो, की हिला मरण कसे समजावे. तिच्यापुढचा पेच निराळाच होता. आजीचा शब्द खोटा ठरतो की काय, ही तिची काळजी होती. ती मिटली.

पुढे केव्हातरी वाचनात आले, की बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून केलेला एक अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला होता. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी निघून जाणे वाटते, असे त्यात आढळले होते. गेलेले माणूस दुसरीकडे आहे, तेव्हा ते परतही येऊ शकते. या वयाच्या मुलाला आपण ‘देवाघरी गेली’ म्हणून सांगतो. आपल्या मते आपण दुःख झाकतो. त्याच्या मते आपण पत्ता सांगतो. मग ते वाट पाहते.

त्यानंतर आमच्या घरी एक नवा नियम सुरू झाला. दारातून कोणीही ‘येतो’ म्हणाले, की छकुली विचारायची, “खरं येतो की नुसतं येतो?” दूधवाल्याला विचारले, इस्त्रीवाल्याला विचारले, भाजी आणायला निघालेल्या मलाही विचारले. लोक हसत. पण हसून झाल्यावर प्रत्येकाला उत्तर द्यावेच लागे. नागपूरला राहणारे तिचे मामा डोके खाजवून म्हणाले, “नुसतं येतो गं, पण मे महिन्यात खरं.” आणि मे महिन्यात ते आले! एरवी चार-चार वर्षे न फिरकणारा माणूस. तिचे बाबा कचेरीत जाताना ‘लवकर येतो’ म्हणत. त्यांना आता ‘साडेसातला खरं येतो’ असे म्हणावे लागू लागले. उशीर होणार असला की ते फोन करीत. सूनबाईंचे म्हणणे असे, की जे त्यांना सात वर्षांच्या संसारात साधले नाही, ते या पोरीने एका प्रश्नात साधले.

पहिल्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. पुढच्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे उठून सगळे तयार झाले. आदल्या रात्री ‘उद्या पहिली आंघोळ’ असे ऐकून छकुली आईला विचारून चुकली होती, “म्हणजे मी आजपर्यंत आंघोळच केली नाही?” उटणे लागले, स्नान झाले. दारात पायाखाली कारीट फोडायची वेळ आली. हा नरकासुर, याला मारायचे, असे तिच्या बाबांनी सांगितले. तिने पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. “मागच्या वेळी मारला होता ना याला? मग परत कसा आला?” कोणी काही बोलायच्या आत तिनेच निकाल दिला, “‘येतो’ म्हणून गेला असेल.” घरातले सगळे मोठ्याने हसले. वर्षभरात ते घर इतके हसले नव्हते.

आता ती ‘केलं’ म्हणते, ‘गेला’ म्हणते. ‘काल’ आणि ‘उद्या’ आपापल्या जागी बसले आहेत. चंद्राला तिकीट लागत नाही हे तिला कळले आहे. निघणाऱ्या माणसाला ती आता काही विचारत नाही. स्वतःही ‘येते’ म्हणून शाळेत जाते. मोठे होणे म्हणतात ते हेच, आणि ते व्हायलाच हवे. मात्र घरातल्या बाकीच्यांना लागलेली सवय अजून सुटलेली नाही. आमच्याकडे ‘येतो’ म्हटले की अजूनही वेळ सांगतात.

यंदाच्या दिवाळीतही घरोघर पाहुणे येतील, फराळाची ताटे भरली जातील, आणि कुठल्या तरी घरात एखादे चिमुरडे भरल्या बैठकीत असे काही बोलेल, की यजमानांना चकलीचा ठसका लागेल. जरूर हसा, वाचकहो. मीही हसेन. फक्त हसून झाले की त्याला जवळ घेऊन उत्तर द्या. सोपे द्या, थोडक्यात द्या, पण खरे द्या. ते त्याच्यावर विसंबून पुढची पायरी चढणार असते.

छकुलीला अडीच वर्षांचा भाऊ आहे. गेल्या आठवड्यात त्याने पणत्यांचा डबा कलंडवला आणि सगळ्यांकडे पाहून जाहीर केले, “मी नाही करलं.” डायरीची अजून पुष्कळ पाने कोरी आहेत.